नळ, निरोप आणि नागरिक : लंडनच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासाची एक उपेक्षित बाजू

१

शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास बहुधा स्थापत्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. जलाशय कोणी बांधला, नळ लाकडाचे होते की बिडाचे, गाळण्याची व्यवस्था केव्हा आली, ह्या प्रश्नांची उत्तरे त्यात सापडतात. परंतु रस्त्याखालील मुख्य नळ फुटून घरोघरचे पाणी बंद पडते, त्या दिवशी नागरिकाला दोन गोष्टींची उणीव भासते. एक पाण्याची आणि दुसरी निरोपाची. काय झाले आहे, पाणी केव्हा येईल आणि तोवर ते कोठून आणावयाचे, हे तीन प्रश्न त्या दिवशी प्रत्येक उंबरठ्यावर विचारले जातात. त्यांचे उत्तर कोणी द्यावयाचे, कोणत्या शब्दांत द्यावयाचे आणि ते कोणाला उद्देशून द्यावयाचे, ह्याचाही एक इतिहास आहे. तो अभियंत्यांच्या अहवालांत क्वचितच येतो.

ह्या इतिहासाच्या अभ्यासासाठी लंडन शहर विशेष सोयीचे आहे. तेथील नळपाण्याची परंपरा चार शतकांहून अधिक जुनी असून तिची कागदपत्रे विपुल आहेत. शिवाय मुंबईसारख्या शहरांत जी व्यवस्था एकोणिसाव्या शतकात आली, ती ज्या अभियंत्यांनी आणली त्यांची घडण इंग्लंडातील अशाच व्यवस्थेत झाली होती. लंडनचा वृत्तांत पाहिला असता एक गोष्ट ध्यानात येते. पुरवठा जसजसा अखंड होत गेला, तसतसा पाण्याची वार्ता देणारा माणूस रस्त्यावरून नाहीसा झाला. आणि त्याच्या जागी दुसरी कोणतीही व्यवस्था वेळेवर उभी राहिली नाही. मुख्य नळ फुटला म्हणजे ही रिकामी जागा उघडी पडते.

२

हर्टफर्डशरमधील झऱ्यांचे पाणी लंडनच्या उत्तर सीमेवर आणणारा 'न्यू रिव्हर' हा कालवा १६१३ मध्ये पूर्ण झाला. सर ह्यू मिडल्टन ह्याच्या नावाशी ही योजना कायमची जोडली गेली आहे. कालव्याचे पाणी पुढे शहरात नेणारे नळ एल्म वृक्षाच्या पोखरलेल्या ओंडक्यांचे होते. ते गळत, कुजत आणि वारंवार फुटत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या जागी बिडाचे नळ आले, तेव्हा दाब वाढविणे शक्य झाले.

परंतु नळ बदलले तरी पुरवठा खंडितच राहिला. शतकाच्या मध्यापर्यंत लंडनच्या निरनिराळ्या भागांना खाजगी कंपन्या पाणी देत आणि ते दिवसातून तासदोन तास येई. गरीब वस्त्यांत काही ठिकाणी ते आठवड्यातून तीनच दिवस येई आणि रविवारी मुळीच येत नसे. एडविन चॅडविक ह्याचा १८४२ चा आरोग्यविषयक अहवाल आणि हेक्टर गॅव्हिन ह्याने १८४८ मध्ये बेथनल ग्रीन ह्या वस्तीचे केलेले वर्णन ह्यांत ह्या दैन्याचे चित्र आढळते. अंगणातील एकाच नळाभोवती बादल्या, घडे आणि मोडकी भांडी घेऊन स्त्रिया व मुले उभी राहत. श्रीमंतांच्या घरी टाक्या होत्या. गरिबांच्या घरी जे भांडे असेल तीच टाकी.

ह्या व्यवस्थेचा कणा म्हणजे 'टर्नकॉक' हा कंपनीचा नोकर होय. हातात लांब लोखंडी चावी घेऊन तो ठरलेल्या वेळी रस्त्यावरची झडप उघडी आणि ठरलेल्या वेळी बंद करी. मराठी शहरांत ज्याला लोक 'चावीवाला' म्हणतात, त्याच जातीचा हा मनुष्य. आग लागली असता नळात पाणी सोडण्याचे कामही त्याचेच असे. म्हणून ज्याच्या नळाचे पाणी आगीपाशी प्रथम पोहोचेल त्या टर्नकॉकला बक्षीस देण्याची तरतूद अठराव्या शतकातील कायद्यांत केलेली होती. अर्थात हा मनुष्य कोठे सापडेल, हे वस्तीला ठाऊक असणे कायद्याने गृहीत धरले होते.

टर्नकॉकचे हे स्थान भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याने झडप उघडणे ही एक यांत्रिक क्रिया होती, त्याचबरोबर ती एक घोषणाही होती. तो रस्त्याच्या टोकाला दिसला म्हणजे पाणी येणार; तो आला नाही म्हणजे काहीतरी बिघडले आहे. त्याला विचारता येई, त्याच्यावर ओरडता येई, आणि पुष्कळदा त्याला चार पैसे देऊन झडप जरा अधिक वेळ उघडी ठेवण्याचा प्रयत्नही होत असणार. ही व्यवस्था न्याय्य नव्हती आणि आरोग्यास तर ती घातकच होती. तथापि तिच्यात संस्थेला एक चेहरा होता आणि त्या चेहऱ्याला तोंड होते.

३

संस्थेचे तोंड वस्तीपासून दूर गेले म्हणजे काय घडते, ह्याचे विदारक उदाहरण १८६६ च्या पटकीच्या साथीत दिसते. त्या उन्हाळ्यात पूर्व लंडनमध्ये साथ पसरली. साथीच्या मृत्युसंख्येचा आठवड्यागणिक हिशेब ठेवणाऱ्या विल्यम फार ह्याच्या ध्यानात आले की, मृत्यू एका विशिष्ट कंपनीच्या पुरवठाक्षेत्रातच दाटलेले आहेत. ती 'ईस्ट लंडन वॉटरवर्क्स कंपनी' होती. कंपनीचा अभियंता चार्ल्स ग्रीव्ह्ज ह्याने 'टाइम्स' पत्रात पत्र लिहून, गेल्या कित्येक वर्षांत न गाळलेल्या पाण्याचा एक थेंबही ग्राहकांना दिलेला नाही, अशा अर्थाची ग्वाही दिली.

ती ग्वाही खोटी ठरली. ओल्ड फोर्ड येथील उघड्या जलाशयांतील न गाळलेले पाणी पुरवठ्यात आलेले होते, आणि जवळच्या ली नदीत मैला मिसळत होता. जोसेफ बॅझलजेट ह्याच्या मलनिःसारण योजनेचा त्या भागातील दुवा अजून पुरा व्हावयाचा होता. ॲबी मिल्स येथील उपसा केंद्र १८६८ मध्ये सुरू झाले. चौकशीत पुरावा पुढे आला तो मोठा बोलका होता. काही घरांतील नळांत ईल मासे सापडले होते. गाळणीतून पार झालेल्या पाण्यात मासा असू शकत नाही, हे सांगण्यास रसायनशास्त्राची गरज नव्हती. ह्या साथीत ५,५९६ माणसे दगावली.

येथे नळ फुटलेला नव्हता. फुटला होता तो विश्वास. कंपनीचे निवेदन कोणत्या पत्रात आले, हे पाहण्याजोगे आहे. 'टाइम्स' हे पत्र बेथनल ग्रीनच्या अंगणात वाचले जात नव्हते. ते संसदेत, क्लबांत आणि भागधारकांच्या घरी वाचले जाई. निरोप पाणी पिणाऱ्यांविषयी होता, पण तो त्यांना उद्देशून नव्हता. पाणी उकळून प्या, हा त्या क्षणी उपयोगी पडणारा एकच उपदेश होता. ज्या निवेदनाने आपल्या पाण्यात दोष नाही असे छातीठोकपणे सांगितले, त्याने ह्या उपदेशाचे कारणच नाकारले.

ह्या दुराव्याचे एक कारण व्यवहारात होते. गरीब वस्त्यांत पाणीपट्टी सामान्यतः घरमालक भरी आणि ती भाड्यातून वसूल करी. त्यामुळे कंपनीच्या वहीत नाव असे ते घरमालकाचे. सूचना पाठवावयाची झाल्यास ती त्याच्या पत्त्यावर जाई, आणि तो पत्ता बहुधा दुसऱ्याच मोहल्ल्यात असे. जो पाणी पितो तो कंपनीचा 'ग्राहक' नव्हे, आणि जो ग्राहक तो हे पाणी पीत नाही, अशी ही विचित्र स्थिती होती.

४

१८७१ च्या कायद्याने अखंड पुरवठ्याचा मार्ग मोकळा केला. पुढील वीस वर्षांत पूर्व लंडनमध्ये तो झपाट्याने रूढ झाला. आरोग्याधिकाऱ्यांना ही सुधारणा हवी होती, कारण घरातील टाक्या उघड्या, गाळाने भरलेल्या आणि रोगाला आमंत्रण देणाऱ्या असत. नळ चोवीस तास वाहू लागला तेव्हा टाक्या काढून टाकण्यात आल्या. टर्नकॉकची दैनंदिन फेरीही थांबली, कारण झडप आता रोज उघडावयाची नव्हती. दोन्ही गोष्टी तर्काला धरून होत्या, आणि दोन्हींची किंमत लवकरच मोजावी लागली.

१८९५ च्या आरंभी लंडनवर दीर्घकाळ कडाक्याची थंडी पडली. उथळ पुरलेले नळ जमिनीतच गोठले आणि बर्फ वितळू लागताच पुष्कळ नळ फुटले. घरात टाकी नाही, नळात पाणी नाही, आणि ते केव्हा येईल हे सांगणारा कोणी नाही, अशा अवस्थेत लोकांना रस्त्यावरील तात्पुरत्या नळांवरून पाणी वाहून न्यावे लागले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आणि पुढे १८९६ व १८९८ मध्ये ईस्ट लंडन कंपनीने पाण्याच्या टंचाईमुळे पुरवठा दिवसातून काही तासांवर आणला. कंपनीच्या क्षेत्रात त्या वेळी दहा लाखांहून अधिक लोक राहत होते.

ह्या प्रसंगी जो वाद झाला तो बराचसा शब्दांचा वाद होता. लोकांनी ह्या आपत्तीला 'वॉटर फॅमिन', म्हणजे पाण्याचा दुष्काळ, असे नाव दिले. इंग्रजीत 'ड्रॉट' म्हणजे अवर्षण आणि 'फॅमिन' म्हणजे अन्नावाचून होणारी उपासमार. मराठीत मात्र 'दुष्काळ' हा एकच शब्द दोहोंसाठी चालतो, म्हणून ह्या भेदातील धार चटकन जाणवत नाही. अवर्षणाला कोणी जबाबदार नसतो. उपासमारीला मात्र, धान्य कोठाराच्या आत असेल तर, कोठारवाला जबाबदार असतो. कंपनीने अवर्षण म्हटले आणि त्याला जोडून लोकांच्या 'उधळपट्टी'चा उल्लेख केला. नळ चालू ठेवतात, गळत्या तोट्या दुरुस्त करीत नाहीत, असा तिचा आक्षेप होता. लोकांनी दुष्काळ म्हटले आणि पट्टी घेऊनही पाणी न देणाऱ्याकडे बोट दाखविले. सभा भरल्या, ग्राहकांच्या संरक्षणार्थ संघटना निघाल्या, आणि लंडन कौंटी कौन्सिलच्या राजकारणात पाणी हा कळीचा प्रश्न झाला.

ह्यातून एक मर्म हाती लागते. आपत्तीच्या वेळी जी संस्था आधी दोष वाटून देते आणि माहिती नंतर देते, तिची माहिती पुढे कोणी ऐकत नाही. पाणी जपून वापरा, ही सूचना १८९० च्या दशकात योग्यच होती. परंतु ती आरोपाच्या वाक्यात गुंफली गेल्यामुळे ती सूचना म्हणून ऐकली गेली नाही. अखेरीस १९०२ चा कायदा होऊन १९०४ मध्ये आठही कंपन्यांचा कारभार 'मेट्रोपॉलिटन वॉटर बोर्ड' ह्या सार्वजनिक मंडळाकडे आला. कंपन्या गेल्या त्याला आर्थिक व राजकीय कारणे अनेक होती. पण लोकांचा त्यांच्या शब्दावरील विश्वास आधीच उडाला होता, ही गोष्ट त्या कारणांत गौण मानता येणार नाही.

५

ह्या इतिहासात एक कालखंड अपवादासारखा उठून दिसतो. १९४० च्या सप्टेंबरपासून लंडनवर बाँबवर्षाव सुरू झाला आणि मुख्य नळ फुटणे ही नित्याची गोष्ट झाली. १४ ऑक्टोबर १९४० रोजी बॅलम येथील भुयारी रेल्वेस्थानकावर बाँब पडला, तेव्हा वरच्या रस्त्याखालील नळ व मलवाहिन्या फुटून आत आश्रय घेतलेल्या लोकांवर पाणी व माती कोसळली. २९ डिसेंबरच्या रात्री जुन्या शहराला आगी लागल्या, त्या वेळी फुटलेले नळ आणि ओहोटीने खाली गेलेले टेम्स नदीचे पाणी ह्यांमुळे अग्निशामक दले हतबल झाली.

तरीही त्या काळात निरोप पोहोचविण्याची काही व्यवस्था उभी राहिली. ध्वनिक्षेपक लावलेल्या मोटारी बाँबग्रस्त वस्त्यांतून फिरत आणि आवश्यक सूचना देत. हवाई हल्ल्याचे पहारेकरी त्याच मोहल्ल्यातील रहिवासी असत. कोणत्या घरात किती माणसे राहतात, हे त्यांना माहीत असे. पाण्याच्या गाड्या कोठे उभ्या आहेत, पाणी उकळावे की नाही, हे सांगणारा मनुष्य पुन्हा एकदा रस्त्यावर दिसू लागला. संकट सर्वांचे आहे आणि नागरिकाला खरे सांगितल्याने तो घाबरून जात नाही, ही समजूत त्यामागे हळूहळू रुजत गेली. युद्ध संपले आणि ही व्यवस्थाही विसर्जित झाली.

६

१९७४ मध्ये वॉटर बोर्डाचे काम टेम्स वॉटर ऑथॉरिटीकडे गेले आणि १९८९ मध्ये इंग्लंड व वेल्समधील जल-प्राधिकरणे खाजगी कंपन्यांत रूपांतरित झाली. त्यानंतरच्या नियमांनी निरोपाला कायद्याचे रूप दिले. चार तासांहून अधिक काळ पाणी बंद ठेवण्याची योजना असेल, तर ४८ तास आधी लेखी सूचना द्यावयाची. नळ अचानक फुटला, तर पाणी केव्हा परत येईल, तोवर ते कोठे मिळेल आणि चौकशी कोठे करावयाची, हे शक्य तितक्या लवकर कळवावयाचे. ही कलमे वाचताना लक्षात येते की, कायद्याने जे तीन प्रश्न शब्दबद्ध केले, त्यांची उत्तरे एके काळी टर्नकॉकच्या तोंडून मिळत होती.

परंतु नियम हा माणसाची जागा घेत नाही. २०१६ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या काळात लंडनमध्ये आठ मोठे नळ फुटले. ५ डिसेंबर रोजी इझलिंग्टनमधील अपर स्ट्रीट ह्या रस्त्याखालचा व्हिक्टोरियाकालीन नळ फुटून दुकाने व तळघरे पाण्याखाली गेली. ज्या न्यू रिव्हरने १६१३ मध्ये शहराला पाणी आणले, तिचा शेवट पूर्वी ह्याच भागात होत असे, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाला जाणवल्यावाचून राहत नाही. कंपनीने पॉल कटिल ह्यांच्याकडून स्वतंत्र चौकशी करविली आणि तिचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढच्याच वर्षी, २०१८ च्या मार्चमध्ये, मोठ्या हिमवर्षावानंतर एकदम उष्णता वाढली आणि देशभर नळ फुटले. दोन लाखांहून अधिक ग्राहकांचे पाणी चार तासांपेक्षा जास्त काळ बंद राहिले. काहींचे कित्येक दिवस. नियामक संस्था 'ऑफवॉट' हिने जूनमध्ये 'आउट इन द कोल्ड' ह्या नावाचा अहवाल काढला. त्यात कंपन्यांच्या तयारीइतकाच त्यांच्या संवादावर ठपका होता. लोकांना माहिती उशिरा व अपुरी मिळाली, आणि वृद्ध, आजारी व अपंग माणसांपर्यंत आपण होऊन पोहोचण्यात पुष्कळ ठिकाणी उणीव राहिली, असा त्याचा आशय होता. लंडनच्या कंपनीसह चार कंपन्या अपेक्षेला विशेष उतरल्या नाहीत, असे त्यात म्हटले होते; मात्र त्याच थंडीत काही कंपन्यांनी हे काम चांगले केले, हेही नमूद होते. म्हणजे दोष हवामानाचा नव्हता.

१८९५ आणि २०१८ ह्या दोन वर्षांच्या दरम्यान आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी हे सर्व आले. निरोप नेण्याचे साधन अपुरे होते, असे कोणी म्हणू शकणार नाही. उणीव होती ती निरोप कोणाला द्यावयाचा ह्या जाणिवेची. संबोधन बदलत गेले : आधी 'पट्टी भरणारा', मग 'उपभोक्ता', मग 'ग्राहक'. ह्यांपैकी प्रत्येक शब्द हिशेबाच्या वहीतून आलेला आहे. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी म्हातारी ही त्या वहीत एक खाते असते. तिला बादली उचलवत नाही, ही गोष्ट वहीत नोंदलेली नसते. ती चावीवाल्याला माहीत असते.

७

मराठी वाचकाला हा वृत्तांत परका वाटू नये. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले आणि तेथेही तीच संक्रमणे सुरू झाली. आपल्याकडे पुष्कळ शहरांत पुरवठा अद्यापि खंडित असल्यामुळे चावीवाला टिकून आहे, आणि आळीतल्या बायकांना पाण्याची खरी वेळ फलकापेक्षा त्याच्याकडून कळते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली आणि पुण्याचे नळ कोरडे पडले, तेव्हा वाड्यांतील आड आणि पेशवाईतील कात्रजच्या नळाचे हौद लोकांच्या उपयोगी पडले. पूर्व लंडनने टाक्या काढल्या होत्या. पुण्याने आड अजून बुजविले नव्हते. हा फरक दूरदृष्टीचा होता असे म्हणता येत नाही, परंतु त्याचे फळ मात्र खरे होते.

भाषेच्या अंगाने मात्र मराठी सूचनाही त्याच आजाराने ग्रासलेली आहे. लोक बोलताना 'पाणी गेले', 'पाणी आले' असे म्हणतात. त्या वाक्यांत पाणी हे येणारेजाणारे, जवळजवळ घरच्या माणसासारखे असते. कार्यालयीन सूचना म्हणते : पाणीपुरवठा खंडित राहील, पुरवठा कमी दाबाने होईल, नागरिकांनी सहकार्य करावे. ह्या वाक्यांत कर्ता असलाच तर तो 'पुरवठा' हे नाम असते. नळ कोठे फुटला हे नाही, केव्हा सांधला जाईल हे नाही. विध्यर्थी क्रियापद आहे ते एकट्या नागरिकाच्या वाट्याला. दवंडीमध्ये निदान कोणाच्या हुकमाने ती पिटली जात आहे, हे आधी सांगितले जाई.

खंडित पुरवठ्याकडे परत जावे, असा निष्कर्ष ह्यातून निघत नाही. बेथनल ग्रीनच्या अंगणातील रांग कोणालाही पुन्हा नको आहे. निष्कर्ष एवढाच की, निरोप हा पाणीपुरवठ्याचा अलंकार नसून त्याचे अंग आहे. अखंड वाहणाऱ्या नळामुळे तो रोज लागत नाही, म्हणून तो अनावश्यक ठरत नाही. उलट तो क्वचित लागतो म्हणूनच त्याची तजवीज आधी करून ठेवावी लागते. कोठे फुटले, केव्हा येईल, तोवर कोठे मिळेल, हे साध्या वाक्यांत आणि ज्याच्या घरी पाणी नाही त्यालाच उद्देशून सांगणारा मनुष्य नेमणे, हे नळ सांधण्याइतकेच पाणीखात्याचे काम आहे. लंडनला ते शिकण्यास चार शतके पुरली नाहीत. इतर शहरांनी त्या चार शतकांचा उपयोग करून घेण्यास हरकत नसावी.